सात नावांची पिशवी

वर्षाराणीनं हेल्मेट काउंटरवर ठेवलं, तर लालासाबनं मान वर न करता ते उचललं आणि खाली फरशीवर ठेवलं. मग गुडघ्यांत धरलेल्या मोटरसायकलच्या सीटवर रेक्झिन ताणून त्यानं आणखी एक बारीक खिळा ठोकला.

"काय काम हाय, पावणं?"

पावणं! याच माणसाच्या खांद्यावर बसून तिनं लहानपणी भैरोबाची जत्रा पाहिली होती, आणि उतरायचं नाही म्हणून त्याचे केस धरून भोकाड पसरलं होतं. ते केस आता राहिले नव्हते, पण माणूस तोच होता. त्यानं तिला ओळखलं होतं, यात तिला काडीची शंका नव्हती.

"चाचा, मी वर्षा. कृष्णातची."

"कोन कृष्णात?"

आत शिलाई मशीनवर बसलेल्या सुगरानं, लालासाबच्या बायकोनं, पाय थांबवले. शाहूपुरीतल्या त्या बोळात समोरून एक टेम्पो गेला आणि दुकानभर धूळ उडाली. लालासाबनं सीट फडक्यानं पुसली. वर्षाराणी उभीच होती. बस म्हणायला कुणी तयार दिसत नव्हतं, म्हणून तिनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"मशक न्यायला आलीया. रविवारी जत्रा हाय."

"मशक." लालासाबनं तो शब्द पहिल्यांदाच ऐकल्यासारखा उच्चारला. "हितं गाडीच्या सीटा मिळत्यात. स्कूटी असंल तर कवर घालून देतो, साडेतीनशे."

मशक म्हणजे आख्ख्या बकऱ्याच्या कातड्याची पिशवी. तिला तीन नळ्या. एकीतून फुंकायचं, दुसरीवर बोटं चालवायची, आणि तिसरी एकच सूर धरून अखंड घुमत राहणारी. पिशवी काखेत धरून कोपरानं दाबायची. त्यांच्या गावी, वाडीत, ही मशक वर्षाराणीच्या घराण्यात सात पिढ्या वाजत आली होती आणि तिचं कातडं लालासाबच्या घराण्यात शिवलं जात होतं. चैत्रातल्या जत्रेला पालखीच्या पुढं मशक चाले. पालखी देवळाच्या पायरीशी आली की वाजवणारा फुंकणीवरचं तोंड काढी आणि नावं घेई. आधी घरातल्या मेलेल्या सहा वाजवणाऱ्यांची, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, आणि शेवटी पिशवी शिवणाऱ्याचं, तो जिवंत असताना. एकेका नावाला गाव 'चांगभलं' म्हणे. तोवर फुंक नाही. पिशवीत साठलेल्या वाऱ्यावर सूर चालू राहिला पाहिजे. माणूस बोलत असताना त्याचं वाद्य वाजत राहतं, ही करामत दुसऱ्या कुठल्या वाजपात नाही, असं तिचा बाप सांगे. लालासाब पिशवी बेतायचा तीच मुळी सात नावांच्या मापानं. अंगणात बसून, पिशवी काखेत घेऊन, तोंडातल्या तोंडात ती सात नावं मोजताना तिनं त्याला कितीदा तरी पाहिलं होतं.

तीन वर्षांपूर्वी चौथ्या नावालाच पिशवी बसली. सूर कण्हला, घसरला आणि मेला. सगळी वाडी हसली. कृष्णात तडक समोर गेला. तिथं पांढरा सदरा घालून लालासाब आपल्या नावाची वाट पाहत उभा होता. कृष्णातनं मशक त्याच्या छातीवर फेकली आणि गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "कुजकं कातडं शिवलंस रं माझ्या मढ्यावर!"

झालं. लालासाब कुजक्या कातड्याचा ठरला. ढोल-हलगी मढवायचं काम गावानं बंद केलं. महिन्याभरात त्यानं वाडीतल्या घराला कुलूप घातलं, मशक बरोबर नेली आणि कातड्याचा हात रेक्झिनला लावला.

"तुझा बा का न्हाय आला?" लालासाबनं खिळा दातांत धरून विचारलं.

"श्रावणात गेला. तुमास्नी म्हाईत हाय."

"म्हाईत हाय. दोन-अडीच सालं मी वाट बघितली. येऊन निस्तं म्हणला असता, लाला, चुकलं, तर मशक त्याच्या दारात नेऊन दिली असती. तो आला न्हाय. आता मेल्यावर पोरीला धाडलं व्हय?"

"कुणी धाडलं न्हाय. चाचा, दोन सालं खाडा पडलाय. औंदा वाजली न्हाय तर मान गेला. जत्रा कमिटीच्या उदयसिंह अध्यक्षानं बँजो पार्टी सांगून बी ठेवलीया. मला म्हणला, मशक कुठाय तुझ्याकडं, तोंडानं वाजवणार हाईस व्हय?"

"बराबर बोलला की."

"सात पिढ्यांचा मान हाय."

"माझ्या बी सातच हुत्या."

वर्षाराणी एसटीत वाहक होती. रोज दीडशे माणसांशी हुज्जत घालून पोट भरणारी बाई. सुट्ट्या पैशांवरून भांडणारा, पासवरचा फोटो माझाच म्हणून शपथा खाणारा, सगळ्यांना ती पुरून उरायची. पण या दुकानात तिची मात्रा चालेना. कारण इथं येताना तिनं जे सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तेच आता सांगावं लागणार होतं.

"पिशवी कुजकी नव्हती," ती म्हणाली.

"हे मला सांगतीस?"

"काकवी बिघडली हुती. ती मी आणलेली."

लालासाबचा हातोडा थांबला.

मशकीचं कातडं आतून मऊ राहावं, वारा धरावा म्हणून तिला दर अमावास्येला काकवी पाजावी लागते. कोमट काकवी आत ओतायची, पिशवी चोळायची, उलटी टांगायची. लालासाब त्यासाठी एकाच गुऱ्हाळाची काकवी आणून द्यायचा, भेंडीच्या रसानं मळी काढलेली, पावडर न घातलेली. त्या वर्षी जत्रेच्या तोंडावर डबा संपला. वर्षाराणी गारगोटीच्या फेरीवर होती, वाटेतल्या कुठल्याशा गुऱ्हाळावर तिनं डबा भरून घेतला. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून त्यांनी रसाच्या काहिलीत रसायनाची पावडर टाकली होती. त्या काकवीनं आधीच्या काकवीचा आतला थर पापुद्र्यांनी सुटला आणि कातड्याची भोकं उघडी पडली. जत्रेच्या संध्याकाळी कृष्णातनं डब्याच्या तळात बोट घालून चाखलं, थुंकला, आणि पोरीकडं बघून एवढंच म्हणाला, "गप बस. आता बोलून गेलोय मी."

हे सगळं तिनं सांगितलं. सांगताना ती लालासाबच्या हातांकडं बघत होती.

"तीन सालं?" त्यानं विचारलं.

"बा म्हणला गप बस."

"आन तू बसलीस. दिसभर वराडतीस की एसटीत, चला म्होरं सरका म्हणून. तवा तोंड असतंय. माझ्या दारावरनं तुमची हलगी दुसरीकडं मढवाय जात हुती, तवा न्हवतं व्हय तोंड?"

वर्षाराणीला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेच्या पोटात लालासाबचा राग आला, समोरच्याला सोलून काढणाऱ्या माणसाचा येतो तसा.

"चुकलं," ती म्हणाली. "पाया पडू का आता?"

"नगं. वाडीची धूळ कवाच झाडलीया मी पायांवरनं."

तो उठला. स्टूल ओढून त्यावर चढला आणि माळ्यावरून जुन्या धोतरात बांधलेलं एक गाठोडं काढून त्यानं काउंटरवर टाकलं. वर्षाराणीनं मनाची तयारी केली होती. तीन वर्षं न वाजलेलं कातडं पापडासारखं वाळतं, घडीवर चिरतं. वाळली असेल तर रात्रंदिवस तेल चोळून बघू, नळ्या तरी वाचतील, असा तिचा हिशेब होता. तिनं गाठ सोडली.

पिशवी मऊ होती, नुसती मऊ नव्हे, बोट दाबलं तर आत जात होतं आणि काढलं की कातडं परत वर येत होतं. गुऱ्हाळावर येतो तसा गोड, करपट वास दुकानभर पसरला. तिनं शिवण तपासली. टाके जुनेच होते, एकही नवा नव्हता.

"दर आमुशाला पाजतुया," आतून सुगरा म्हणाली. "मला शुगर म्हणून बिनसाखरंचा च्या. आन हिला काकवी."

"चाचा..."

"माया-बिया काय समजू नगंस." लालासाबनं तिला तिथंच तोडलं. "मी ही जगवली ती एकासाठी. एक ना एक दिस ही वाडीत वाजंल, त्याच पायरीवर, त्याच लोकांम्होरं. चौथ्या नावाच्या म्होरं गेली की गावाला कळंल, कुजकं काय हुतं ते. तुझ्या बाच्या तोंडावर वाजवणार हुतो. तो पळाला, वर गेला. आता तू वाजव. मी येतो बघाय."

वर्षाराणी गाठोड्याकडं बघत राहिली. मान राखायचा तर ही वाजली पाहिजे. आणि वाजली, तर अख्ख्या गावासमोर बाप खोटा पडणार होता, आपल्या हातानं, आपल्याच कोपराखाली. तिनं धोतराची गाठ पुन्हा मारली, हेल्मेट उचललं आणि निघाली. कुणी 'ये' म्हणालं नाही.

रविवारी सकाळी नऊलाच ऊन तापलं होतं. देवळापुढच्या पटांगणात बँजो पार्टीचा टेम्पो कर्णे लावून तयारीत उभा होता. उदयसिंह अध्यक्ष, फेटा, गॉगल, हातात माईक, वर्षाराणीच्या काखेतल्या मशकीकडं बघून हसला.

"आगं बाई, खरंच आणलीस की! हवा हाय का तिच्यात, का पंक्चरवाल्याला बोलवू?"

टेम्पोवरची पोरं खिदळली. वर्षाराणीनं पिशवी काखेत सारखी केली. देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या बायकांतून चिमणाबाई, नात्यानं तिची चुलत आजी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाली, "बापय माणसाला जमलं न्हाय, आन ही चाललीया. बाईच्या जातीला एवढा दम असतोय व्हय? फजिती करून घेणार घरादाराची."

लालासाब कधी आला ते तिला कळलं नाही. पालखी उठली तेव्हा तो समोर दिसला, तीन वर्षांपूर्वी उभा होता त्याच जागी. पांढरा सदरा, तोच असावा, कारण पोटावर ताणला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती. दाटीच्या गर्दीत तेवढीच.

तिनं फुंकलं. पिशवी भरली, बरगडीला टेकली, आणि सुराची नळी घुमू लागली. सुरुवातीला तिची बोटं नळीवर अडखळली. बापानं तिला ही वाजवायला शिकवली ती घरात, दार लावून. उघड्यावर ती पहिल्यांदाच वाजवत होती. पण पालखीचे भोई चालू लागले आणि पायांबरोबर बोटंही चालू लागली. गुलाल उडाला. कुणीतरी मागून 'बँजो लावा' म्हणून ओरडलं. कुणीतरी त्याला गप केलं, की त्याला आणखी कुणी हसलं, तिला कळलं नाही. तिला फक्त काखेतलं कातडं कळत होतं. ते तिच्या श्वासाला हू की चू न करता साथ देत होतं.

पायरी आली. तिनं छाती फुटेस्तोवर एकदा शेवटचं फुंकलं आणि फुंकणी सोडली.

सूर चालू होता.

"राघू!" तिनं हाक दिली.

"चांगभलं!"

"सत्याप्पा!"

"चांगभलं!"

"तुका!"

तिसऱ्याला गाव थोडं हळू म्हणालं. सगळे चौथ्याची वाट बघत होते. टेम्पोवरच्या पोरांनीसुद्धा माना लांब केल्या होत्या.

"बाळू!"

सूर जागचा हलला नाही. क्षणभर 'चांगभलं' म्हणायचंच राहिलं, आणि मग ते एकदम मोठ्यानं आलं. त्या गलक्यात उदयसिंह शेजारच्याला म्हणाला, आणि हातातला माईक चालू असल्यानं ते सगळ्या वाडीनं ऐकलं, "म्हंजे पिशवी चांगलीच हुती म्हणायची. कृष्णातच लबाड."

वर्षाराणीचे कान तापले. लालासाबला हवं होतं ते झालं होतं. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"दौलू!"

"चांगभलं!"

"गणू!"

"चांगभलं!"

गणू म्हणजे तिचा आजा, सहावा. आता सातवं, शिवणाऱ्याचं. तिनं तोंड उघडलं आणि जिभेवर दुसरंच नाव आलं. आधी मेलेल्यांची नावं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. गेल्या श्रावणापर्यंत मेलेले सहा होते. आता सात होते.

"कृष्णात!"

गावानं 'चांगभलं' म्हटलं. आत्ताच लबाड ठरलेल्या माणसालाही म्हटलं, कारण म्हणायचं असतं. आणि तेव्हा कुठं वर्षाराणीच्या ध्यानात आलं. पिशवी सात नावांची होती आणि अजून एक नाव राहिलं होतं. घरात रोज सराव करताना तिनं जुनीच सात नावं घेतली होती. बापाचं नाव मेलेल्यांत घ्यायचं असतं हे तिला सुचलंच नव्हतं. दर अमावास्येला ज्यानं ही पिशवी हातात घेतली, त्यालाही सुचलं नव्हतं.

कोपर आता बरगडीला टेकलं होतं. दाबायला कातडं उरलं नव्हतं. सूर केसाएवढा खाली आला. गावाला तो कळला नाही, तिला कळला. तिनं लालासाबकडं बघितलं.

लालासाब पायाच्या चवड्यांवर उभा होता. त्याचं डावं कोपर त्याच्या स्वतःच्या बरगडीत रुतलं होतं. काखेत काहीच नसताना तो सगळा जीव एकवटून दाबत होता. पांढऱ्या सदऱ्याची ती बाजू घामानं भिजली होती.

तिनं श्वास घेतला. "लाला..."

"फूक!" तो ओरडला. "नाव नगं घेऊ! फूक, वर्षे, फूक!"

तिनं फुंकणी तोंडात धरली आणि फुंकलं. मरता मरता सूर उचलला गेला, भरला, आणि पालखी पायऱ्या चढू लागली. भोवती गुलाल, खोबऱ्याचे तुकडे आणि 'चांगभलं'चा कल्लोळ. सातांवर आठवं नाव राहिलं, याकडं कुणाचं लक्ष गेलं असेल असं वाटत नाही.

दुपारी मंडपात पंगत बसली तेव्हा वर्षाराणी उठली, वाढप्यांच्या मधून उदयसिंहापाशी गेली आणि म्हणाली, "बा लबाड नव्हता. खराब काकवी मी आणली हुती, पिशवीत मी घातली हुती. आन ते तीन सालं मी सांगितलं न्हाय. माईकवर सांगायचंय मला."

"सांग की," उदयसिंह म्हणाला. त्याच्या पानात आमटी आली होती.

तिनं सांगितलं. कर्ण्यातून ते पटांगणभर गेलं. दोन-चार जणांनी माना वर केल्या. कुणीतरी भाताला हाक मारली. तीन वर्षं ज्या गोष्टीवर वाडीनं तोंडं चालवली, तिची खरी बाजू ऐकायला कुणाला भाकरी थांबवावीशी वाटली नाही. माईक परत देताना वर्षाराणीला आधी कुणाच्या तरी मुस्काटात मारावीशी वाटली आणि मग फार दमल्यासारखं झालं.

मशक ठेवली होती त्या कट्ट्यावर लालासाब बसला होता. पंगतीला बसला नव्हता. पिशवी मांडीवर घेऊन तो अंगठ्यानं शिवण चाचपत होता, टाक्याटाक्यानं.

"तुमचं नाव ऱ्हायलं," ती म्हणाली.

"कान हायत मला."

"घ्यायलाच पायजे हुतं तुमचं. सूर मेला असता तर मेला असता."

"येडी हाईस का? माझी पिशवी हाय ती. गावाम्होरं मारू देईन व्हय?" त्यानं पिशवी धोतरात गुंडाळली, गाठ मारली आणि तिच्याकडं सरकवली. मग उठून चपला शोधू लागला. "आता आठ नावांची शिवाय पायजे. हिच्यात बसत न्हाईत. चांगलं थोरलं बोकड बघाय लागंल. मिळंल तवा मिळंल."

"आन तवर?"

लालासाबनं चपला घातल्या. त्याच्या कुलूप घातलेल्या घराकडं जाणारी वाट पंगतीच्या मागून होती. तो त्याच वाटेनं निघाला आणि चार पावलांवर थांबून, मागं न बघता म्हणाला,

"तवर पयलं माझं घे. तुझ्या बाला आता वेळच वेळ हाय."